टेकडीवर सापडलेलं डावरं हाड

अध्यक्ष डॉन मेलितोन, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर आरिस्तिदेस, कुस्कोहून आलेले मान्यवर, आणि भाषण ऐकतानाही हातातली चाती न थांबवणाऱ्या माझ्या विणकर बायांनो,

डॉक्टरांनी आपल्या टेकडीची माती चाळली. इंका राजासाठी कापड विणणाऱ्या बायका इथंच राहत, हे जगाला दाखवलं. चातीच्या मातीच्या चकत्या, मागाचे खुंट रोवायचे खळगे, धागे ठोकून बसवायची लामा जनावराच्या हाडाची टोकदार हत्यारं, काय काय निघालं! हे उपकार गाव विसरणार नाही. पण या मंगल प्रसंगी एक शंका विचारली, तर राग नाही ना येणार?

गेल्या पावसाळ्यात माझी आई फेलिसितास गेली. तिचं विणायचं हाड घरातून नाहीसं झालं. सुगीनंतर तसंच एक हाड डॉक्टरांच्या टेबलावर दिसलं, 'इंका काळ' अशी चिठ्ठी लावलेलं. अंगठ्यानं झिजलेला खळगा उलट्या बाजूला. माझी आई डावरी. आता इंकांच्या राज्यात डावऱ्या बायका नसतील का? असतील की. तरी मी विचारलं. डॉक्टर हसले. "फोर्तुनाताबाई, मी चोर वाटतो?" म्हटलं, "नाही हो. पण मांजर डोळे मिटून दूध पितं, एवढं ठाऊक आहे."

काल बटाटे सोलताना बासिलिया मावशी बोलून गेली. ती बघा, आता टोपीआड तोंड लपवतेय. "अगं, मीच पुरलं ते टेकडीवर. विणकरणीचं हाड मातीला द्यावं लागतं, नाहीतर मेल्यावरही ती विणतच बसते. तुझ्या अंगणात सगळं सिमेंट. कुठं पुरणार होते?"

म्हणजे डॉक्टर चोर नाहीत. भरसभेत त्यांची माफी मागते. संशय मात्र जात नाही. कालच त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "हाडाच्या पेटीला कधीच सील लागलं. आता लिमाच्या संग्रहालयातच उघडेल." आज सकाळी मी बोट लावून पाहिलं, सीलची लाख अजून मऊ होती. लिमात त्यांचं व्याख्यानही ठरलंय म्हणे, डावऱ्या इंका विणकरणीवर. आणि माझी आई तिथं काचेच्या कपाटात कायमची विणत बसणार? मला ते सोसवणार नाही.

असो. आपण सगळे आलात, मनापासून आभार. कुईचं मांस भाजून तयार आहे, मक्याची चिचा दारूही आंबलीय. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. डॉक्टर, सावकाश जेवा, घाई नाही. तुमच्या जीपची किल्ली बासिलिया मावशीनं पुरलीय. कुठं, ते ती पेटी उघडल्यावर सांगेल.