सरांचं बक्कल

हसा तुम्ही, पण चाळिशीत भिंत चढायला शिकणं सोपं नाही. आमच्या कोचचा एक नियम होता: चढण्याआधी त्यांनी माझा पट्टा आणि दोर तपासायचा, मी त्यांचा. कारण मी वर असताना माझा दोर खाली त्यांच्याच कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला असायचा. मी नुसतं "ठीक आहे, सर" म्हणायचो. साठीच्या माणसाच्या कमरेचं बक्कल ओढून बघायचं म्हणजे बरं दिसतं का?

एका रविवारी चाळीस फुटांवर पोचलो आणि खालून आवाज आला, "अहो, जरा खाली बघा. तुमचा दोर माझ्याकडे आहे का?"

नव्हता. सर हाताची घडी घालून उभे! मी दोन्ही हातांनी भिंतीला घट्ट धरलं.

"दोर मॅडमनी धरलाय," सर म्हणाले. त्यांच्या मागे खरंच दुसऱ्या कोचबाई दोर धरून उभ्या होत्या. "कांद्याचे व्यापारी तुम्ही, मार्केट यार्डात कांदा पोत्याच्या तळापासून तपासता ना? मग जीव कसा न बघता सोपवलात?"

पुढच्या रविवारी मी लाज सोडून त्यांचं बक्कल ओढलं. ते सुटून हातातच आलं.

मला वाटलं, ही पण परीक्षाच. मी हसून वर पाहिलं, तर सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.