थांबणाऱ्यांच्या खोलीतल्या बाई

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या विभागप्रमुख, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या बाई, आणि समोर बसलेले माझे सहकारी, विद्यार्थी आणि स्नेही,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी बाईंच्या विद्वत्तेबद्दल इतकं सुंदर सांगितलं की मला फारसं काही उरलेलं नाही. एका अर्थी बरंच झालं. हे वर्ष आम्हाला जरा जडच गेलं आणि सुंदर बोलण्याइतकं त्राण आज माझ्यात नाही. शिवाय मला एक अट पाळायची आहे. ती कुणाची, ते ओघात येईलच.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आमचा विभाग मानसशास्त्राचा, आणि त्यात बाईंचा विषय जन्मभर एकच. माणूस स्वतःला, स्वतःच्या उणिवांसकट, आपलं म्हणू शकला तर त्याच्या मनाचं आरोग्य सुधारतं का? ऐकायला किती सोपं! पण आपण स्वतःशी ज्या भाषेत बोलतो, त्याच भाषेत शेजाऱ्याशी बोललो, तर कुठला शेजारी टिकेल?

त्यासाठी बाईंनी दोन खुर्च्यांचा एक सराव तयार केला. एका खुर्चीत बसून आपलं काय चुकलं ते सांगायचं. मग उठून समोरच्या खुर्चीत बसायचं आणि हेच एखाद्या जिवलग मैत्रिणीनं सांगितलं असतं तर तिला काय म्हटलं असतं, ते स्वतःला म्हणायचं. याचा खरंच उपयोग होतो का हे तपासायला खचलेल्या, उदास माणसांचे दोन गट केले. एका गटाला सराव दिला. दुसऱ्याची पाळी नंतर. तोवर त्यांनी नुसतं यायचं, आमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि घरी जायचं. ते बसत ती थांबणाऱ्यांची खोली. तिथे 'या' आणि 'बसा' यापलीकडे कुणी अवाक्षर बोलायचं नाही, असा कडक नियम होता. नियम बाईंचाच.

हे काम कित्येक वर्षं चाललं. निकाल हाती आला, तर दोन्ही गट सारखेच सुधारलेले! आम्ही चक्रावलो, आकडे पुन्हा पुन्हा तपासले. शेवटी बैठकीत बाई म्हणाल्या, "त्या आकड्यांना कशाला छळताय? मी त्या खोलीत जात होते. चहा घेऊन."

"बोलायला?" मी विचारलं.

"मग काय, भिंतीकडे तोंड करून प्यायचा चहा? माणसं एवढी एकेकटी बसलेली असायची. वाटलं, चहाच तर आहे."

अध्यक्ष महोदय, आपण स्वतः संशोधक आहात, आपल्याला यातली गोम लगेच कळली असेल. इतरांसाठी सांगते. ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं, त्यांना बाईंनी स्वतःचा सहवास दिला. आता तुलना कशाशी करायची? सरावाचा गुण येतो की नाही, हे त्या प्रयोगावरून कुणालाच सांगता येणार नाही. बाईंनी अहवालात हे स्वच्छ लिहिलं, चूक आपली म्हणून लिहिलं. आणि त्या दिवसापासून दार लावून एकट्याच चहा पिऊ लागल्या.

या समारंभाचं सांगायला मी त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. "कसला सत्कार? आपल्याच हातानं प्रयोग बुडवला, त्याचा?"

मी म्हटलं, "बाई, बसा बघू त्या मैत्रिणीच्या खुर्चीत. आम्हाला इतकी वर्षं बसवलंत, आज तुम्ही."

काय वाटलं कुणास ठाऊक, बसल्या. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत म्हणाल्या, "एवढी शिकलीस आणि स्वतःचा साधा नियम पाळता आला नाही? किती लोकांची मेहनत मातीत घातलीस."

"अहो बाई, मैत्रीण बोलवायची होती. तुम्ही तर सासू बोलावलीत!"

हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं, मला ते जमत नाही. जमत असतं तर जन्मभर त्यावर संशोधन कशाला करत बसले असते?"

शेवटी यायला तयार झाल्या त्या एका अटीवर. "कौतुक करायचं तर हे गाळायचं नाही. भर सभेत सांगायचं." बाई, सांगितलं. अट पाळली. आता थोडं माझं ऐका.

थांबणाऱ्यांच्या गटातले एक शिंपीकाका आज मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना विचारूनच सांगते. हाताला कंप सुटला, एका गिऱ्हाइकाचा कोट बिघडला, तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि सुईला हात लावणं सोडलं. घरात बोलणंही सोडलं. परवा मला म्हणाले, "तुमचं ते खुर्च्यांचं मला काही कळत नाही. बाई येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, आज वर्गात एका मुलीवर उगाच ओरडले, उद्या तिची माफी मागणार. आणि खुशाल चहा प्यायल्या! म्हटलं, एवढी मोठी बाई चुकते, आणि वर चहाही पिते? मग मी म्हटलं, बाई, तुमच्या पिशवीचा बंद उसवलाय. तर म्हणतात, असू द्या, मीही आज उसवलेलीच आहे. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. पिशवी द्या इकडे."

ती पिशवी आत्ता बाईंच्या पायाशी आहे. पुढच्या रांगेतल्यांना दिसेल, शिवण वाकडी आहे. हात थोडा सावरल्यावर काका म्हणाले, उसवून नीट शिवून देतो. बाईंनी दिली नाही. म्हणाल्या, "चांगली आहे की!"

यावरून काही सिद्ध होतं का? मुळीच नाही. एका शिवणीवरून निष्कर्ष काढला तर बाई निवृत्त होता होता मला नापास करतील. प्रयोग पुन्हा करावा लागणार आहे, आणि तो आता माझ्या गळ्यात आहे. त्या खोलीत बोलायला जायचं नाही, हा नियमही पाळावाच लागेल. खरं सांगते, नुसत्या विचारानं थकायला होतं. चहाचा कप हातात घेऊन त्या दारावरून सरळ पुढे निघून जायचं, हे मला जमेल का?

अध्यक्षांचं लक्ष घड्याळाकडे गेलेलं मला दिसलं आहे, तेव्हा आवरते. हा कार्यक्रम उभा करणाऱ्या सहकाऱ्यांचे, वेळात वेळ काढून आलेल्या पाहुण्यांचे आणि आज दुपारपुरतं दुकान बंद ठेवून आलेल्या शिंपीकाकांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं.

बाई, दुसऱ्यांच्या चुका पोटात घालण्यात तुमचा हात कुणी धरू शकणार नाही. एवढी एक स्वतःचीही घाला. आणि आज नाहीच जमलं, तर तेही.

नमस्कार.