दोन हजार पाचशे एकवीस

...आणि वर मॅनेजरसाहेब मलाच विचारतात, 'एक माणूस जास्त कसा झाला?' अहो, जास्त कसला? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं त्या कारखान्यात हजेरी घेतली मी, माणसं बरोबर दोन हजार पाचशे एकवीस, माझ्यासकट. माझ्यासकट हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्याच आठवड्यात मी निवृत्त होणार होतो आणि तोवरच्या कारखान्याच्या एकाही सामूहिक फोटोत मी नव्हतो. दर वेळी यादी धरून कॅमेऱ्याच्या अलीकडे! बायकोने बजावलं होतं, 'या वेळी तरी आत उभे राहा. भिंतीवर लावायला काहीतरी असू दे.'

साहेबांचा हुकूम काय, तर फोटो गच्चीवरून आणि रांगा सगळ्या सारख्या. केल्या. दहा-दहाच्या केल्या, एक उरला. नऊ-नऊच्या केल्या, एक उरला. आठच्या, सातच्या... माणसं उन्हात करपतायत, मी शिट्टी फुंकतोय, बाराच्या, पंधराच्या, वीसच्या, एक उरतोच! आणि उरतो कोण? सगळ्यांना उभं करून शेवटी येणारा. आता तो कोण, हे सांगायला हवं का?

जावयाला फोन लावला. कॉलेजात गणित शिकवतो. मी इथे घामाघूम आणि हा तिकडे गहिवरलेला. 'बाबा, काय संख्या मिळालीय तुम्हाला! एकपासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या दोन हजार पाचशे वीस, आणि वर तुमचा एक! शिवाय मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जाणार नाही.' म्हटलं, जावईबापू, तो माझा एक कुठे ठेवू तेवढं सांगा. 'पस्तीसचा वर्ग अधिक छत्तीसचा वर्ग. दोन चौरस करा.' केले. कोणी म्हणजे कोणी उरलं नाही हो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तर युनियनचा पुढारी आडवा. 'लहान चौरसात आमचीच माणसं का?' मोडले चौरस.

पुन्हा फोन. 'मग मध्ये एक माणूस, त्याच्याभोवती चार, त्यांच्याभोवती आठ, मग बारा, असं एकशेचाळीसपर्यंत. तिरपा चौरस होईल, बरोबर बसेल.' मध्ये एक! मी शर्ट खोचला, केस सारखे केले आणि जाऊन मध्ये उभा राहिलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा...

गच्चीवरून साहेब ओरडले, 'मध्ये कोण ते? मध्ये मालक हवेत!' आता मालक काय हजेरीपटावर असतात? मी त्यांना मोजणार कसा? आले, चष्मा पुसत उभे राहिले. झाले दोन हजार पाचशे बावीस. म्हटलं ना, एक उरतोच! जावई फोनवर होताच. 'बाबा, आता तर सोपं झालं. सत्त्याण्णवच्या सव्वीस रांगा, कोणी उरत नाही.' धापा टाकत गच्चीवर जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, 'मालक काय रांगेत उभे राहणार? तुम्ही आलाच आहात वर, तर यादी धरून इथेच थांबा.'

फोटो सुंदर आलाय. निरोप समारंभात मलाच फ्रेम करून दिला. माणसं मोहरीएवढी दिसतात, त्यामुळे बायको भिंग घेऊन बसते. रोज कुणावर तरी बोट ठेवते आणि विचारते, 'हे तुम्हीच ना?' मी हो म्हणतो. काल बोट मालकांवर होतं. कालही हो म्हणालो.