रूथनं पप्पांना सांगितलेलं

मंडळी, बसा, सावकाश बसा. पंखा पुढच्यांनाच लागतोय, म्हणून मागच्यांनी प्रभूला दोष देऊ नका! एक विचारू? कुणी विश्वासानं आपल्याला सांगितलेलं आपण चारचौघांत बोललो, आणि त्यानं चार माणसं सुधारली, तर ते चांगलं की वाईट? बाई, मान हलवताय खरी, पण हो की नाही ते कळू द्या की! बरं, ऐका.

अमेरिकेत कॅन्सस म्हणून मुलूख आहे. नजर पोचेल तिथवर गहूच गहू. तिथं लॉइड मर्सर नावाचा पाळक होता. फर्निचरचं बंद पडलेलं दुकान झाडून-पुसून त्यानं उपासना सुरू केली. पहिल्या रविवारी माणसं अकरा, त्यात तीन घरचीच — तो, बायको एडना आणि लेक रूथ. पण वाणी काय होती त्याची! दहा-बारा वर्षांत चार हजार माणसं बसतील असं चर्च उभं राहिलं.

रूथ तेव्हा सतरा वर्षांची. बापावर भारी जीव. एकदा शाळेतून येताना गाडीत म्हणाली, "पप्पा, आजी गेल्यापासून मला प्रार्थनाच होत नाही. कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. मम्मीला सांगू नका."

लॉइडनं गाडी कडेला घेतली, तिचा हात धरला. म्हणाला, "माझ्याजवळच राहील." आणि मंडळी, त्या घडीला तो अगदी खरं बोलत होता.

रविवार आला. उपदेश काही रंगेना. लोक घड्याळं बघायला लागले. हे दुःख मला विचारा! अशा वेळी माणूस हाताला येईल ते उचलतो. लॉइडच्या हाताला लेक आली. "माझी स्वतःची मुलगी," — आवाज भरून आला त्याचा — "याच आठवड्यात मला म्हणाली, की तिला प्रार्थना होत नाही."

आणि रूथ कुठं होती? त्याच्याच पाठीमागं, गाणाऱ्यांच्या रांगेत, झगा घालून उभी! सगळे माना उंचावून तिच्याकडे बघायला लागले. बाया रडल्या. चाळीस जण पुढं येऊन गुडघ्यांवर बसले. उपासना सुटल्यावर ओळख ना पाळख अशा बायांनी तिला कवटाळलं.

घरी लॉइड खुशीत. "बघ, तुझ्यामुळं चाळीस जणांचं तारण झालं."

रूथ झग्याची घडी घालत होती. "मी ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं, पप्पा," एवढंच म्हणाली.

ना भांडण, ना अबोला. फक्त त्यानं काही विचारलं की उत्तर एकच: ठीक आहे सगळं. त्याला वाटलं, पोर सावरली. तेही त्यानं उपदेशात सांगून टाकलं!

पुढं ती लांब ऑरेगनला नर्स झाली, लग्न केलं. इकडं लॉइड टीव्हीवर दिसायला लागला. एक दिवस मेहुणीचा फोन — रूथचं बाळ पोटातच गेलं, त्याला आठ महिने झाले. आठ महिने! आणि दर रविवारी ती बापाशी फोनवर बोलत होती.

लॉइड मिळेल त्या विमानानं गेला. तिच्या स्वयंपाकघरात बसून रडला. "चुकलो मी, रूथ. माफ कर."

"ते मी केव्हाच केलंय, पप्पा." मनापासून म्हणाली ती.

"मग बोल ना माझ्याशी. कशी आहेस?"

रूथनं तोंड उघडलं. समोर म्हातारा बाप जीव मुठीत धरून बसलेला. शेवटी बिचारी म्हणाली, "ठीक आहे सगळं."

तिला दुसरं काही बोलताच येईना, मंडळी. मला या माणसाचं फार वाईट वाटतं.

आता आपण. "प्रार्थनेसाठी सांगतेय हं" म्हणत शेजारणीच्या घरातलं किती जणींना सांगितलंत? हसू नका, पुरुषांनीही हसू नका. माझंच घ्या. माझा थोरला दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला, म्हणाला, बाबा...

नको. ते घरचं आहे. पेटीवाले, सूर द्या.