थांबवता येतं म्हणजे

मॅडम : मनगटाला हात नको. चोरूनसुद्धा नको. दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि नुसतं आतून मोजा.

सून : मोजतेय.

मॅडम : थांबा. किती ठोके झाले?

सून : अडतीस.

मॅडम : बोटाला लावलेल्या यंत्रात चाळीस आहेत. पहिल्या वेळी मला काय म्हणाला होतात, आठवतं?

सून : आत कुणी राहतच नाही, असं म्हणाले होते.

मॅडम : आणि आता? बरं, काल दुकानात काय झालं ते परत सांगा. तुमच्या यजमानांनाही ऐकू दे.

नवरा : ऐकायलाच आलोय मी. आईनेच पाठवलं. म्हणजे, मलाही यायचंच होतं.

सून : धुतलेल्या शर्टांचा गठ्ठा घेऊन उभी होते. आई आतून ओरडल्या, ही कॉलर कुणी जाळली म्हणून. जाळली होती मीच. तेवढ्यात तळहात गार पडले. मग घसा आवळला. मग सगळ्यांचे आवाज लांब गेले, कुणी पिंपात तोंड घालून बोलावं तसे. आधी मला यातलं काहीच कळायचं नाही. एकदम फरशीवर असायचे, आणि वर माणसांची तोंडं.

मॅडम : काल कळलं.

सून : तळहात गार पडले तेव्हाच कळलं. गठ्ठा खाली ठेवला. पायाची बोटं चपलेत रोवली, श्वास लांब सोडला आणि ठोके मोजत बसले. धडधड केवढी तरी होती, पण माझीच होती ना. हळूहळू उतरली. मग आईंना जाऊन सांगितलं, कॉलर माझ्याकडून जळली.

नवरा : म्हणजे आता हिला झटका थांबवता येतो.

मॅडम : येऊ लागलाय.

नवरा : मग इतके दिवस का नाही थांबवला? नाही, मी नाही विचारत. घरी विचारतील म्हणून आपलं.

मॅडम : इतके दिवस थांबवता येत नव्हता म्हणून. तुम्हाला पोहता येतं?

नवरा : येतं की. चांगलं येतं.

मॅडम : शिकायच्या आधी विहिरीत पडला असतात, तर बुडायचं नाटक केलं असतंत का?

नवरा : छे छे. हे मात्र बरोबर बोललात.

मॅडम : हे झटके खरे असतात. मेंदूच्या आलेखात काही दिसत नाही म्हणून ते खोटे ठरत नाहीत. यांचं शरीर आतून खुणा करत होतं, त्या यांच्यापर्यंत पोचत नव्हत्या. मग शरीर सगळं बंदच करून टाकायचं. आता खुणा पोचतात. घरी सांगाल तेव्हा दोन्ही सांगा. आता थांबवता येतं हेही, आणि आधी येत नव्हतं हेही. अर्धंच सांगू नका.

नवरा : शब्दाला शब्द सांगतो, मॅडम. काळजीच नको.

(त्याच संध्याकाळी. लाँड्रीच्या मागची खोली. कपडे दाबायचं वाफेचं मशीन तापत ठेवलंय.)

सासू : हं, शब्दाला शब्द. काय म्हणाली ती बाई?

नवरा : हेच, की आता हिला थांबवता येतं.

सासू : काय थांबवता येतं?

नवरा : झटका. येतोय असं वाटलं की ही थांबवते. काल नाही का, कॉलर जळली तेव्हा. तेव्हाही येत होता म्हणे.

सून : अहो, पुढचं सांगा ना. पोहण्याचं.

नवरा : हां, ते. पोहण्याचं एक उदाहरण दिलं त्यांनी. आई, चहा घेतेस का तू?

सासू : चहा नको. थांबवता येतं म्हणजे माझा हात भाजला तेव्हाही येत होतं.

सून : नव्हतं येत, आई. खरंच नव्हतं. आत्ता शिकले मी. महिनोन्महिने जातेय तिकडे.

सासू : शिकलीस. न पडायला शिकलीस! माझा नातू असता ना, तर बोलायच्या आधी शिकला असता ते.

नवरा : आई, जाऊ दे ना आता.

सासू : तू दुकान बघ. नाहीतर गप्प बस, तुला जमतं ते. हे बघ गं, इकडे बघ. तोंड फिरवू नकोस. ही तीन बोटं म्हणजे आता एकच बोट आहे. वेणी घालायला मला शेजारीण लागते. भाताचा घास करता येत नाही, लहान पोरासारखी चमच्याने खाते. त्या दिवशी या मशीनच्या झाकणाचा दांडा धरूनच कोसळलीस तू. तापलेलं झाकण खाली येत होतं आणि तुझं तोंड होतं तिथे. मी तुला ढकललं. हात काढायचा राहिला.

सून : माझा चेहरा शाबूत आहे तो तुमच्यामुळे. मी विसरलेले नाही.

सासू : विसरशील कशी? आरसा आहे ना घरात. ये, अशी इथे उभी राहा. मशीनपाशी.

सून : कशाला?

सासू : मला बघायचंय काय शिकलीस ते. एवढी फी भरतोय हा. उभी राहा. दांडा धर. अस्साच धरला होतास ना?

नवरा : आई, हे काहीतरीच.

सासू : आता वाफ सोडते. असाच आवाज होता. मी ओरडले तरी कुणाला ऐकू गेलं नाही, या आवाजात. वास आठवतो तुला? तुला कसा आठवेल, तू खाली पसरली होतीस. मला आठवतो. मला आधी वाटलं, कुणाच्या घरी काही करपलं.

सून : आई, नका ना.

सासू : पांढरी पडलीस. येतोय वाटतं. येऊ दे.

नवरा : अगं, ऐक. हळू बोलतोय, वाफेत तिला ऐकू जायचं नाही. पड.

सून : काय?

नवरा : एकदाच पड. मी मागे उभा आहे, धरतो तुला. तिला दिसू दे की तुझ्या हातात नाहीये ते. मग बघ, सगळं पहिल्यासारखं होईल.

सून : खोटं पडू?

नवरा : खोटं कुठे? तळहात गार आहेत तुझे, मला लागतायत ना. येतोच आहे. तू फक्त थांबवू नकोस.

सून : आणि मॅडमकडे इतके दिवस गेले ते?

नवरा : नंतर बघू ते. तू आजारी असलीस की घर कसं नीट चालतं गं.

सून : सरका जरा. मला पाय टेकवू दे.

सासू : काय कुजबुज चाललीय? याच्याशी काय बोलतेस? मी विचारतेय ना, माझ्याशी बोल. येतोय का?

सून : येतोय. तळहात, मग घसा. आता तुमचा आवाज लांब जातोय. बोलू नका थोडा वेळ.

सासू : ऐका! आता मी माझ्या दुकानात बोलूही नको.

नवरा : आई, थांब ना. बघ तू. नुसतं बघ.

सून : उतरतंय.

नवरा : अगं!

सून : उतरलं. दांडा सोडते मी.

सासू : गेला?

सून : हो, गेला.

सासू : बघितलंस रे? माझ्या डोळ्यांदेखत. उभीच्या उभी. काय गं, एवढंच होतं? एवढंसंच होतं ते?

सून : एवढंसं नव्हतं. मी काय करायला हवं होतं, आई?

सासू : पडायला हवं होतंस.

सून : म्हणजे बरी व्हायला नको होते?

सासू : इतक्या वेळा पडलीस, तुझं डोकं मांडीवर कुणी घेतलं? याने? हा तर रस्त्यावर पळायचा, माणसं बोलावतो म्हणून. मी घ्यायचे. या असल्या हाताने तोंड पुसलंय तुझं. आजही पडली असतीस तर पुसलं असतं. मी स्वतःला सांगायचे, आजारी पोर आहे, तिचा काय दोष, नशिबाने हात घेतला. असं म्हटलं की झोप लागायची मला. आता काय म्हणू? नशीब नव्हतंच तिथे. तूच होतीस.

सून : मी तिकडे जाणं बंद करते. परत पडायला लागेन मी. चालेल?

सासू : आता काय उपयोग? मी बघितलंय. आता तू पडलीस तरी मी उचलणार नाही. हिची बॅग भर रे.

नवरा : आत्ता?

सासू : नाही, सवडीने. दिवाळी झाली की!

सून : आई, मला घालवून हात बरा होणार आहे का?

सासू : नाही. पण तो कुणाला दाखवत बसावं लागणार नाही. याला दाखवून काय करू, हा बघतच नाही.

नवरा : चार दिवस भावाकडे जा. मी सोडतो. आई शांत झाली की मीच येईन न्यायला. खरंच येईन. एवढं माझं ऐकलं असतंस ना, एका मिनिटाचं काम होतं. खाली चटईसुद्धा होती.

सून : चार दिवसांसाठी स्वेटर कशाला भरताय?

नवरा : असू दे गं. लागला तर.

सून : अजून उन्हाळाही संपला नाही.

नवरा : अगं, हात थरथरतायत तुझे. ओठही. येतोय का? आई! आई, इकडे ये, येतोय हिला!

सासू : येतोय? बघू. काय गं, येतोय का?

सून : नाही. हे नुसतं रडू आहे.