काशीराम काकांनी उसनं नेलेलं पुढारपण

नाही, चूक काकांचीच होती. मी सुरतेला निघालो त्या दिवशी हेच म्हणालो, मागच्या दिवाळीला आलो तेव्हाही हेच म्हणालो, आणि आज काका नाहीत म्हणून मी शब्द फिरवणार नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं. भांडण अर्ध्यावर टाकून उठणारा माणूस त्यांना चालत नसे. आता तेच उठून गेले. मी भांडायचं कोणाशी?

मंडळी, जयभीम. रिठदच्या आपल्या विहारात आज तुम्ही सगळे काशीराम काकांसाठी जमला आहात. मायबहिणी आहेत, गावातली इतर समाजाची माणसं आहेत, शेलूबाजारचे पाहुणे आहेत. मीच नाही. तार पोचली तोवर काकांना अग्नी देऊन झाला होता. इथं सुरतेत मी ज्याचे माग चालवतो तो मालक म्हणाला, बाप मेला तर रजा, चुलता मेला तर नाही. मी म्हणालो, माझा बाप मी रांगत होतो तेव्हा गेला, त्याची रजा बाकी आहे, ती द्या. तो हसला. रजा दिली नाही.

म्हणून लिहून पाठवतो. समोर उभं राहून बोलणं जमलं नसतं, लिहूनही जमत नाही. मी चौथीतून उठलेला माणूस. वाचायचं काम सुखदेवकडे दिलं आहे. सुखदेव काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, विलायतेहून मातीचं शिक्षण घेऊन आलेला. सुखदेव, मोठ्यानं वाच. मागच्या बायांना ऐकू गेलं पाहिजे. आणि तुझ्याबद्दल येईल ते गाळू नको.

काका काय करत? शेती करत, पण ती सगळेच करतात. काकांचं खरं काम चौकशीचं. कोणाच्या पोरीला स्थळ आलं की पंचक्रोशीतून काकांना बोलावणं येई. काका पोराच्या गावी जात, पण पोराच्या घरी कधी जात नसत. हॉटेलाच्या बाकड्यावर बसत, चहा घेत. मग न्हाव्याकडे दाढी. मग पिठाच्या गिरणीवर उगाच उभे राहत. आणि पक्के असे की ज्या पोराची चौकशी, त्याचं नाव आधी काढायचंच नाही. आधी दुसऱ्याच पोराचं नाव घ्यायचं. समोरचा बोलायला लागला की हळूच वळायचं. दाढी होईपर्यंत काकांना पोराची सात पिढ्यांची खबर मिळालेली असे.

हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं यातूनच झालं.

सुखदेवनं अकोल्याला शेतकीची मोठी परीक्षा दिली. तिथल्या सरांनी त्याला सांगितलं की विलायत सरकार दुसऱ्या देशांच्या पोरांना वजिफा देतं, म्हणजे आपल्या खर्चानं पुढचं शिकवतं. जाणंयेणं, राहणं, जेवण, सगळं. अट एवढीच की पोरात पुढारपणाचे गुण पाहिजेत, आणि शिकून झाल्यावर त्यानं आपल्या देशात परत यायचं.

काकांनी हे ऐकलं आणि या विहारात, ज्या फोटोखाली सुखदेव आत्ता उभा आहे, त्या फोटोखाली येऊन बसले. म्हणाले, "आपला बाप बी वजिफ्यावरच गेल्ता समुद्रापार." बस. त्या दिवसापासून काकांना दुसरा विषय नाही.

गिरणीवाले गुलाबभाई म्हणाले, "काशीराम, माती शिकाले विलायतेले कायले पाठवतं? आपल्या इथं कमी हाय का?"

"माती हाय, गुलाबभाई. शिकवणारा नाई."

पण पुढारपण आणायचं कुठून? तुम्ही सुखदेवला ओळखता. आत्ताही त्याचा आवाज मागं जात नसेल. सुखदेव, मोठ्यानं. हा माणूस बैलाला हाकलतानाही "जरा सरक ना बापा" म्हणायचा. बैल सरकत नसे. सुखदेवच वळसा घालून जाई.

काका माझ्याकडे आले. दुष्काळाच्या वर्षी आपण सगळे सडकेच्या कामावर खडी फोडत होतो. पगार थकला होता. एक दिवस मी हातोडा खाली ठेवला आणि बसलो. माझ्या बाजूचा बसला, त्याच्या बाजूचा बसला, बघता बघता अख्खी टोळी बसली. मुकादम ओरडला, मग विनवायला लागला, मग साहेबाला घेऊन आला. पगार झाला. गावात ते काम माझ्या नावावर होतं. माझ्या नावावर तेवढं एकच होतं.

काका म्हणाले, "भगवान, थे खडीवालं काम सुखदेवच्या नावावर टाकतो. उसनं."

"उसनं? पुढारपण उसनं देतात का, काका?"

"तुले इथं काय कामाचं हाय थे? घडी करून ठेवलं अशीन. तो विलायतेहून आला का वापस देतो."

मी दिलं. काकांना कोणी नाही म्हटलंय का आजवर?

मग काकांनी गाव पढवायला घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. "पोरगी देतानी माणूस दहा जागी इचारते. हे तं पैशे देऊन राह्यले, वरून दोन वर्स पोसून राह्यले. इचारल्याबिगर नेतीन का? माणूस येईन. हॉटेलात बसन. पक्का असन तं आधी दुसऱ्याच पोराचं नाव काढन. भुलू नका. त्याले सुखदेववर आणा." बाबारावच्या हॉटेलात तालीम झाली. न्हाव्याची झाली. गुलाबभाईंची तर तीनदा झाली, कारण ते मध्येच हसत.

आणि माणूस आला.

दुपारच्या बसमधून उतरला. स्वच्छ धोतर, काळी छत्री, हातात पिशवी. बाबारावच्या बाकड्यावर बसला, चहा मागवला. दोन घोट झाल्यावर म्हणाला, "तुमच्या गावात काशीरामचा पुतण्या हाय म्हणे, भगवान. कसा हाय पोरगा?"

बाबारावनं मनात म्हटलं, वा रे पठ्ठे, आलास. मोठ्यानं म्हणाला, "भगवानचं सोडा, पाहुणे. सुखदेवचं इचारा."

पाहुणा दाढीला गेला. तिथंही त्यानं भगवान काढला, न्हाव्यानं वस्तरा थांबवून सुखदेव लावला. "शंभर माणूस एका इशाऱ्यावर खाली बसवते. सायेब लोक उभे, अन् आपले लोक बसेल." गिरणीवर गुलाबभाई न हसता म्हणाले, "गावाचं पान हालत नाई त्याच्याबिगर." पाहुण्यानं विचारलं, खातोपितो कसा, माय तापट आहे का, घरात भांडणं होतात का. सगळ्याची उत्तरं झाली.

संध्याकाळी बस गेली आणि काकांनी गूळ वाटला. बाबाराव म्हणाला, "काशीरामभाऊ, एक समजलं नाई. सुखदेवची माय तापट हाय का नाई, याच्याशी विलायत सरकारले काय करा लागते?"

"सरकार हाय. सगळं पाह्यते."

मी म्हणालो, "काका, विलायतेचा माणूस धोतर कायले नेसन?"

"चौकशीचा माणूस भेस बदलूनच येते, बे."

मंडळी, तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे तो कोण होता. शेलूबाजारच्या पाहुण्यांत तो आज समोर बसला असेल. मामा, जयभीम. राग नाही. मामा आपल्या भाचीसाठी, शांतासाठी, माझी चौकशी करायला आले होते. सुखदेव शिकत होता म्हणून काकांनी आधी माझ्यासाठी शेलूबाजारचं स्थळ काढलं होतं, आणि विलायतेच्या नादात ते स्वतःच विसरले होते. मामांनी माझंच नाव खरोखर घेतलं होतं. भुलवायला नाही.

थोड्या दिवसांनी शेलूबाजारहून निरोप आला. पोरगा पसंत. पण भगवान नाही, तो दुसरा. एवढा मोठा पुढारी घरात असताना तुम्ही पुतण्या कशाला दाखवता?

मी काकांसमोर उभा राहिलो. म्हणालो, आता सांगा त्यांना. काकांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "अख्ख्या गावानं शब्द देला, भगवान. आता ते खोटं होतं म्हणलं, तं उद्या खरा विलायतवाला आला तं आपलं कोण आयकीन?"

सुखदेवला विचारलं. त्यानं मान खाली घातली. तोच त्याचा होकार. आत्ताही घातली असेल. वर कर आणि वाच.

लग्न सुखदेवशी लागलं, तर माझं पुढारपणही गेलं आणि पोरगीही गेली. मी सुरतेचा रस्ता धरला. निघताना शांतावहिनी दारात होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू? मामाले कोणी सुखदेवचं नसतं सांगतलं, तं तुमच्याबद्दल गावानं काय सांगतलं असतं?"

त्याचं उत्तर मी कितीतरी वर्षं शोधत राहिलो. दोन मागांवर दोन धोटे इकडून तिकडे फिरायचे आणि माझ्या डोक्यात तेवढंच फिरायचं. मला विचारलं असतं, तर गाव काय बोललं असतं?

विलायतवाला गावात कधीच आला नाही. सुखदेवलाच मुंबईला बोलावलं. साहेबांनी विचारलं, पुढारपणाचं काय काम केलं? त्यानं खडीची गोष्ट सांगितली. साहेब म्हणाले, छान. मुकादम ओरडला तेव्हा तू त्याला काय म्हणालास? सुखदेवला काय माहीत? तो तेव्हा अकोल्याला होता. शेवटी म्हणाला, "मी तिथे नव्हतो. माझा भाऊ होता. मला मातीचं येतं, ते विचारा." साहेब हसले, आणि मग मातीचंच विचारत बसले.

आणि निवड झाली. काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "पाह्यलं? झालीच ना चौकशी."

मागच्या दिवाळीला काका अंथरुणावर होते. सुखदेव विलायतेहून परत आला होता, सरकारच्या अटीप्रमाणे आणि काकांच्या धाकाप्रमाणे. मी उशाशी बसलो आणि जुनं भांडण काढलं. मलाही दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं. काका म्हणाले, "तुह्यं उसनं हाय माह्याकडं. ध्यानात हाय."

"पोरगी का?"

"पुढारपण, बे. वापस करून राह्यलो. तीन स्थळं आणली तुह्यासाठी. तिन्ही माणसं बाबारावच्या बाकड्यावर बसून गेली."

"मग काहून वापस गेली?"

"यावेळी कोणाले काईच शिकवलं नाई म्या. जे हाय थे सांगतलं लोकायनं. भांडखोर हाय, एका जागी राह्यत नाई, चौथी शिकेल हाय." मग दम लागला. थांबून म्हणाले, "पण तिघायलेबी खडीचं सांगतलं. म्या न सांगता सांगतलं. तुह्या नावानं."

मंडळी, मी तेव्हा उठून बाहेर गेलो. चूक काकांचीच होती, हे मी अजून म्हणतो. पण वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मला कळवलं आहे की काकांचा मोठा फोटो काचेत लावायचं ठरतंय. लावा. पण माझं ऐकाल तर काकांच्या नावानं गावाचाच वजिफा सुरू करा. वर्षाला एक पोरगा किंवा पोरगी, वाशीमला शिकायला. पुढारपण पाहू नका, ते उसनंही मिळतं. शिकायची भूक पाहा. आणि विलायतेची एक अट घ्या, शिकून परत यायचं. चौकशी मात्र काकांच्या पद्धतीनं करा, बाकड्यावर बसून, न्हाव्याला विचारून. आणि बाबारावभाऊ, कोणाला पढवायचं नाही.

तसाच एखादा छत्रीवाला येऊन माझं नाव काढेल, तर जे असेल ते सांगा. मी सुरतेत आहे, पळालेलो नाही.

आता सगळे उभे राहा. सुखदेव, कागद खाली ठेव आणि तूही उभा राहा. काकांसाठी थोडा वेळ कोणी काही बोलू नये. काकांना ते जड जाईल, कारण चारजण गप्प दिसले की त्यांना विचारल्याशिवाय राहवत नसे. पण आज राहू द्या.

काका, शेवटचा जयभीम.

सुखदेव, सगळे बसले की हे वाच. वजिफ्याचे पन्नास रुपये, आणि जो चौकशीला बाकड्यावर बसेल त्याच्या चहाचा एक. आज मनीऑर्डरनं एक्कावन्न रुपये पाठवतो आहे.