हात लावल्याबिगर उठू नोको

मशीन चालू झाली होती ताई, अन् माझी पोरगी धानात होती, हे मले माहीत होतं, एकट्या मलेच, अन् मी वरडून राहिली का थांबवा, थांबवा, पोरगी हाय आत, तं त्या धान कापाच्या मशीनचा आवाज एवढा का माझं मलेच आयकू येत नव्हतं, कमरेवर बारका, तो वेगळा रडून राहिला, अन् वावराचा मालक म्हणे, अवं बाई, तुही पोरगी बायांसंगं रोडवर गेली, तिकडं पाह्य. मी म्हटलं नाही गेली, ती झोपून हाय. तो म्हणे एवढ्या आवाजात कोन झोपते.

थांबा, मले नीट सांगता येत नाही, मागचं पुढं होते.

माझं माहेर लाखांदूरकडचं. आठवी केली, नववीत नाव टाकलं अन् लगन झालं. सासर हे, अड्याळच्या अलीकडं, जंगलाले लागून. नवरा नागपूरले सेंट्रिंगच्या कामावर, सणावाराले येते. घरी सासू, मी अन् दोन लेकरं. मोठी परी, तिले तवा चार सरून पाचवं लागलं होतं, अन् हा बारका अंगावर पेत होता.

अन् टीव्ही होती. बाया मालिका पाह्यतात, मले जनावरायचे प्रोग्राम आवडो. हिंदीत सांगते तो मानूस, जड आवाजात. बरफातले पाखरं, अंडं पायावर घेऊन उभे, ना खानं ना पिनं, वारा असा का मानूस उडून जाईन. वाळूतला एक सरडा, त्याले पानी भेटत नाही तं तो ओल्या वाळूवर उभा रायते अन् पायानंच पानी ओढून घेते. मी म्हणो पाह्य बाई, हे कसे जगून राहिले, आपलं तं लई बरं हाय. सासू म्हणे, देवानं डोळे देल्ले तं हे कोल्हे-लांडगे पाह्यते, तुले पोट्टं झालं का बिबट. मी हासो. परी मले चिपकून बसे.

त्यातच ते हरणीचं दाखवलं. कोनत्या देशातलं काय माहीत, सगळीकडं वाळलेलं गवत. हरणी लेकराले गवतात झोपवते अन् चराले जाते, दिवसभर, अन् ते लेकरू हालत नाही, कान सुदा हालवत नाही, सिंव्ह अस्सा बाजूनं निंघून गेला तरी तिथं लेकरू हाय हे त्याले समजलं नाही. परी म्हणे, आई, त्याले भेव नाही लागत का? मी म्हटलं लागते ना, पन आईनं सांगतलं ना त्याले.

त्या साली आमच्याकडं वाघाचं लई झालं होतं. बाजूच्या गावची एक बाई गवताले गेली, ती आलीच नाही, लोकायनं लुगडं आनलं फक्त. जंगलवाले आले, म्हणे एकटं जाऊ नका, लेकरं नेऊ नका. आता काय सांगू तुमाले, अंगनवाडी दुपारपर्यंत, सासूचे गुडघे गेलेले, लेकरं ठेवाचे कोठी? रोजीवर नाही गेलं तं खाचं काय? मंग मी इचार केला का परीले काय सांगाव. पळ म्हणाव, तं चार वर्साचे पाय ते, पळून पळून किती पळन, अन् जे पळते त्याच्या मांगंच वाघ लागते, हे टीव्हीवर दहा वेळा पाह्यलं होतं. म्हून मी तिले सांगतलं का वाघ म्हनून कोनी वरडलं का जिथं असशीन तिथं पालथी झोप, तोंडातून आवाज नाही, अन् मी येऊन हात लावल्याबिगर उठू नोको. मी हाका मारल्या तरी नाही. काहून का मायच भेवानं वरडली अन् लेकरू उठलं, तं वाघाले दिसन ना.

आंगनात आमी तिचा खेळ केला. ती तनसीच्या, धान झोडल्यावर उरते त्या काड्यायच्या, ढिगामांगं झोपे, मी दारातून आवाज देओ, परी, खाऊ आनला वं, ये वं, ती हाले नाही. शेजारची कमला म्हणे, पोट्टी हाय का सशाचं पिल्लू. मी मुके घेओ तिचे.

त्या दिवशी मालकाच्या मोठ्या बांधीत, म्हंजे धानाच्या वावरात, मशीन आली. मशीनले कोपरे कापता येत नाही, ते आमी बाया विळ्यानं कापतो. मी बांधीच्या काठच्या धुऱ्यावर बसून बारक्याले पाजून राहिली होती, परी उभ्या धानात लोंबा तोडत तोडत आतआत जाऊन राहिली होती. तेवढ्यात पल्याडून कोनीतरी वरडलं, वाघ, वाघ. बाया विळे टाकून पळाल्या. मी उठली, वळून पाह्यलं तं परी दिसलीच नाही, अन् ताई, त्या वक्ताले मले वाटलं, शाब्बास माझी बाई. तेवढ्यात कमलानं माझा हात धरून मले ओढत रोडवर नेलं.

मंग मानसं काठ्या घेऊन आले, तोवर कोनी मले वावरात परत जाऊ देल्लं नाही, मानसायले काही दिसलं नाही. कोनी म्हणे वाघ होता, कोनी म्हणे डुक्कर असन. मालक म्हणे मशीन चालू करा, तिच्या आवाजानं जे असन ते पळून जाईन, पुढच्या गावचे लोक वाट पाहून राहिले. मी म्हटलं माझी पोरगी. एक बाई म्हणे लाल फराक ना, मांगच्या बायांत पाह्यली मी. ती दुसऱ्याची पोरगी होती.

मी मशीनपुढं जाऊन उभी राहिली. डायवर बाहेरगावचा, त्याले आमची बोली समजे नाही, पन त्यानं थांबवली, खाली उतरला. मालकानं अन् दोघायनं धुऱ्यावरून हाका मारल्या, परी, ए परी. कोठचा आवाज. मालक म्हणे, असती तं उठून पळाली नसती का, कोनतं लेकरू मशीनपुढं झोपून रायते? सगळे म्हनत, हो ना. मी म्हटलं ती नाही उठनार, मीच तिले सांगतलं. काहून सांगतलं? मी म्हटलं टीव्हीवर हरणीचं… तं एक जन हासला. मालक म्हणे, धरा वं हिले कोनी, डोक्यावर परिनाम झाला भेवानं.

मशीन दुसऱ्या बाजूनं चालू झाली. मी बारक्याले कमलाच्या अंगावर टाकलं अन् धानात शिरली. कमरेएवढं धान, एवढी मोठी बांधी, मी हातानं चाचपून राहिली, वरडून राहिली का उठ परी, उठ माय, वाघ नाही, मीच सांगून राहिली, मीच, उठ. जेवढी मी वरडली तेवढी ती चिपकून राहिली असन जमिनीले. वळनावर डायवरनंच मशीन थांबवली, त्याले काहीतरी दिसलं. मी पोचली, हात लावला. तिचा डावा पाय मशीनच्या चेनखाली, चाकाच्या जागी पट्टा रायते ना, त्याच्याखाली आला होता. रडली असन, त्या आवाजात कोनाले आयकू येते. डोळे उघडे होते. मले पाहून म्हणे, आई, मी नाही उठली.

नागपूरले नेलं, पाय घोट्याच्या वरून काढाव लागला. डाक्टर म्हनले लाकडाचा देऊ, वाढन तसा बदलू. आता परी जिथं बसवलं तिथं बसून रायते, शब्द काढत नाही, सुई टोचली तरी नाही. नर्सबाई म्हणे किती गुनाची पोरगी. नवरा कामावरून तसाच दवाखान्यात आला, तिच्या उशाशी बसला. टीव्हीवर त्या हरणीचं लेकरू उठलं होतं, मायनं चाटलं होतं त्याले, गानं वाजलं होतं. बरफ दाखवतात, वाळू दाखवतात, सिंव्ह दाखवतात. धान कापाची मशीन कोनी दाखवत नाही.

मी आता पुन्हा रोजीले जाते, मालक तोच, बांधी तीच. वाघ हायच. मांगच्या हप्त्यात तलावाच्या पारीवर पाय उमटले होते. अन् बारका चालाले लागला ताई, पळते, थांबत नाही. येत्या कापनीले तो माझ्यासंगंच येईन, कोठी ठेवू त्याले. मी त्याले अजून काही शिकवलं नाही. पळ म्हणू तं वाघ हाय. झोप म्हणू तं… तुमी लिहून राहिल्या, शिकले-सवरले लोक वाचतीन, त्यायले इचारा माझ्याकडून. परीले तुमी काय सांगतलं असतं?